शिशाचा काटा

दर शनिवारी, केप्याचा बाजार ओसरल्यावर
लिगोर बार्रेत माझ्या पेढीवर येतो,
खिशातून पेपरमिंटचा पत्र्याचा डबा काढतो
आणि डब्यात, कापसावर निजवलेल्या,
गोळ्या.

बिननाकाच्या.
पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा विचारलं,
अर्धवट राहिल्या काय रे?
नाही, म्हणाला, ह्या अशाच. चपट्या तोंडाच्या.
हिला माणूस नको, डुक्कर नको, फक्त कागद हवा.
टोकाची गोळी कागद फाडते. ही कापते.
आणि सरावाचा एक कागद उलगडला माझ्यासमोर:
वाटोळं भोक, काठाला एक धागा नाही.
पोरीचा कान पहिल्यांदा टोचताना
मला जे साधायचं असतं आणि साधत नाही,
ते.

साचा त्याच्या मामाचा, बैराहून बोटीने आलेला.
कोणी कोरला ठाऊक नाही.
कुठल्याच पुस्तकात ह्या घाटाची गोळी नाही, म्हणतो,
आणि जरा ताठ बसतो.
साच्याच्या एका फाळीला आतून केसाएवढा ओरखडा,
म्हणून प्रत्येक गोळीच्या कमरेवर तोच वण.
भावंडांच्या हनुवटीवर असतो तसा.

शिसं कुठून कुठून येतं.
कुजलेल्या पागेराचे मणी,
टायरवाल्या इस्माईलकडची चाकांची वजनं,
इगर्जीच्या छपराची एक पट्टी, पाद्रीला विचारून.
परसात वितळवताना मेणबत्तीचं थोटूक टाकतो,
मळ वर यावा म्हणून.
शेजारीण विचारते, आज कसला नोवेना?

आता माझी अडचण ऐका.
शिसं म्हणजे सोन्याचा वैरी.
कणभर मुशीत गेलं की संपलं,
हातोडी लागताच सोनं बिस्किटासारखं तडकतं.
बाप मला ह्यावरून एकदाच मारला होता, पण पुरेसा.
तेव्हा लिगोरसाठी काटा वेगळा, चिमटा वेगळा,
खाली गेल्या सालच्या कॅलेंडरचं पान,
आणि तो गेल्यावर मी कोपरापर्यंत हात धुतो.
तोलतो गुंजांनी.
आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर त्याचा भरवसा नाही.
माझाही नाही, पण गिऱ्हाइकाला हे सांगता येत नाही.

अर्ध्या गुंजेने हलकी भरली की तो ती बाजूला सारतो:
आत वारा राहिला.
वरून काही कळत नाही. तीच झळाळी, तोच वण.
अशा सगळ्या मी काजूच्या बरणीत टाकतो.
बरणी आता गळ्यापर्यंत आली.

मार्चात आचारसंहिता लागली,
रिव्हॉल्व्हर पोलिसात जमा, पावती शर्टाच्या खिशात.
गोळ्या येत राहिल्या.
मतदान झालं. निकाल लागला.
आमच्या आमदाराने पक्षसुद्धा बदलला.
तो ते परत आणायला गेला नाही,
मी विचारलं नाही.
परवान्याच्या कागदात डॉक्टरने भरायची एक ओळ असते,
आणि त्याच्या चिमट्यात गोळी
पारड्याआधीच डोलू लागली होती, केव्हापासून.
मी पंख्याला दोष द्यायचो.
बंद करायचो.

गेल्या शनिवारी म्हणाला, आज तू ठेव.
ठेवली.
काटा थरथरला, थांबला, पाव गुंज अलीकडे.
किती?
बरोबर, म्हटलं.
एकतीस वर्षं ह्या पाटावर बसतोय,
वजनात खोटं बोललो ते हे पहिलं.

लिगोरने गोळी उचलली,
अंगठ्यावर घेऊन जराशी उडवली, झेलली,
आणि वाकून
स्वतःच बरणीत टाकली.

पंखा लाव, म्हणाला.
उकडतंय.